ठरावातली बदकं

हिरव्या पोस्टर कलरची बाटली उघडली, की त्या वासासरशी मला दिंद्रुडजवळचं ते गाव आठवतं. कॉलेजच्या चित्रप्रकल्पासाठी मी एकेकाळचं ‘आदर्श गाव’ निवडलं होतं. साल दुष्काळाचं. दूध सोसायटीच्या ओट्यावर बसून मी दिसेल तसं, सगळं तपकिरी रंगवत होते. सोसायटीचे जुने चेअरमन आबा मागं उभे राहून बघत होते.

"पोरी, हिरवा रंग न्हाई का तुज्याकडं?"

"आहे की. पण तलाव कोरडा आहे ना, आबा."

"आत्ता हाय. आमी डोक्यावर माती वाहून बांधला, तवा लई भरलता. तेवढं पाणी टाक."

मी पाणी टाकलं. मग काठीनं दाखवत त्यांनी झाडं लावून घेतली, गोठे भरून घेतले, आणि शेवटी तलावात दोन बदकं मागितली.

"बदकं होती इथं?"

"न्हाई. पण आणायचा ठराव झालता."

चित्र पुरं झाल्यावर आबांनी ते बघायला म्हणून घेतलं, ते परत दिलंच नाही. चरफडत मी कोरडं गाव पुन्हा रंगवलं. त्याला मार्क बरे पडले. पण खऱ्या गावाचं चित्र आबांकडंच राहिलं, असं आता वाटतं.