जर्मनीची खिचडी

सिलतऱ्याच्या कारखान्यात नत्थू भट्टीपाशी होरपळून मेला आणि कंपनीनं हात वर केले: तो ठेकेदाराचा माणूस, आमचा नाही. त्याच्या बायकोला, इंदूला, नोकरी द्या म्हणून युनियन गेटवर धरण्याला बसली. तिथं रोज उठणाऱ्या खिचडीच्या पंगतीचा कारभार धर्मपालकाकांकडे होता.

काका बीरगांवचे, क्रेन चालवणारे. विहारातलं दानाचं कामही तेच बघत. दान मूठभर तांदळाचं असो, माइकवरून नाव-गाव पुकारायचंच. न पुकारलेलं दान म्हणजे चोरी, असं ते म्हणत. म्हणून त्यांच्या भाच्यानं, लोकेशनं, जर्मनीहून काकांच्या खात्यात धरण्यासाठी पैसे टाकले, तेव्हा काकांनी गेटवर छाती फुगवून पुकारलं, "आजची खिचडी जर्मनीहून, आपल्या लोकेशकडून!" टाळ्या पडल्या. गेटच्या आतून कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं.

दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ पाऱ्यापाऱ्यात, गल्लीगल्लीत फिरला: ही युनियन विदेशी पैशावर चालते. कंपनीनं बोलणी तोडली, काकांना ठाण्यातून बोलावणं आलं. पोट्टे आधी "काय जर्मन मामा" म्हणून डिवचत होते. पंगतीतली माणसं गळू लागली, तसं तेही थांबलं.

युनियनचा अध्यक्ष अश्विन शहरात, शंकर नगरच्या एका वकिलाला भेटून काकांकडे आला. भाच्यानं मामाला पैसे देणं हा काही गुन्हा नाही, तो म्हणाला. पण ते युनियनला आले म्हटलं, तर विदेशी पैसा बिनपरवानगी घेतल्याची चौकशी चालत राहील आणि इंदूचं काम बुडेल.

"मंग मी काय सांगू?"

"पैसे घरात खर्च केले म्हणा. माइकवर उगाच मोठेपणा केला."

"लोक म्हणतील, धर्मपालनं धरण्याचा पैसा खाल्ला."

"हव काका. म्हणतील."

काकांनी ठाण्यात तसंच सांगितलं. युनियननं त्यांना काढून टाकलं. बोलणी पुन्हा सुरू झाली आणि इंदूला झाडलोटीचं काम मिळालं, तेही ठेकेदाराकडेच.

पहिल्या पाळीवरून परतताना ती काकांच्या दारात थांबली. काका आणि त्यांची बायको शेवंता ओट्यावर बसले होते.

"काका, माह्या माणसाच्या मरणावर तरी नव्हतं खाचं."

शेवंता ताडकन उठली. काकांनी तिचा हात धरून खाली बसवलं. इंदू गल्लीच्या वळणाआड गेल्यावरच त्यांनी तो सोडला.

"काहून नाही सांगू देल्लं मले?" शेवंता रडत म्हणाली.

"तिची नोकरी अजून कच्ची आहे," काका म्हणाले आणि घरात गेले.