हाताने काच उतरणारी गाडी

आमची जुनी गाडी दुरुस्त करायची की विकून नवी घ्यायची, यावर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली तेवढी माझ्या लग्नाच्या वेळीही झाली नसेल. गाडी माझ्या सासऱ्यांची. अंबरनाथच्या कारखान्यातून रिटायर झाल्यावर पप्पांनी ती हौसेने घेतली होती. पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी चालवणं सोडलं. सासूबाई गेल्यावर अंबरनाथची खोलीही सोडली आणि ते बदलापूरला, बेलवलीत आमच्याकडे राहायला आले. सोबत दोन बॅगा आणि ही गाडी. रविवारी विहारात जायला किंवा लग्नकार्याला माझा नवरा ती बाहेर काढायचा, आणि जांभूळ गावाच्या पुढे ती न तापता गेली तर आम्ही स्वतःला नशीबवान समजायचो.

मी विकायच्या बाजूची होते. मी घरी शिकवण्या घेते, त्यामुळे दिवसभर मुलांवर आवाज चढवायची सवय, आणि तोच आवाज घरातल्यांसाठीही लागतो. एका लग्नाला जाताना बॉनेटमधून वाफा निघाल्या आणि मी पैठणी नेसून अर्धा तास रस्त्याच्या कडेला उभी राहिले. त्या दिवसापासून ती गाडी माझ्या डोक्यात गेली होती.

उल्हासनगरच्या मेकॅनिकने बॉनेट उघडून बराच वेळ आत डोकं घातलं. "भाभी, इंजिन खोलना पड़ेगा. सामान अब कंपनी नहीं बनाती, पर उल्हासनगर में क्या नहीं मिलता? आठ दिन छोड़ दो," तो म्हणाला. नवऱ्याचं मन डळमळलं. मी म्हटलं, आज इंजिन, पुढच्या महिन्यात आणखी काहीतरी निघेल. पप्पांना विचारलं तर ते म्हणाले, "तुम्ही दोघं ठरवाल ते." मला ते उत्तर फार आवडलं. आपण दुसऱ्याच्या घरात राहतोय असं वाटणारा माणूस असंच उत्तर देतो, हे मला तेव्हा कळलं नाही.

शोरूमला आम्ही तिघंही गेलो. पप्पा नव्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि दारावर हात फिरवून काहीतरी शोधू लागले.

"काच उतरवायचं हँडल कुठंय?"

"बटण आहे काका," तिथली मुलगी म्हणाली.

"चावी न लावता उतरते?"

"नाही काका, गाडी ऑन करावी लागते."

"म्हणजे गाडी नुसती उभी असेल तर?"

"पप्पा, उभ्या गाडीची काच उतरवून काय करायचंय आपल्याला?" मी फटकन म्हणाले. ते हसले आणि खाली उतरले. त्या मुलीसमोर मला त्यांची लाज वाटली होती. आता हे लिहिताना माझी वाटतेय.

जुन्या गाड्या घेणारा माणूस एका सकाळी यायचा ठरला. गाडी रिकामी करून ठेवा, असं तो फोनवर म्हणाला. नवरा कामावर होता, पप्पा दाढी करायला सलूनमध्ये गेले होते, म्हणून मीच पिशवी घेऊन खाली गेले. बिल्डिंगच्या खालच्या पार्किंगमध्ये, बरोबर आमच्या हॉलच्या खाली, कोपऱ्यात गाडी उभी असते. आतून जुनी बिलं आणि फडकी निघतील असं मला वाटलं होतं.

ड्रायव्हरच्या सीटवर एक उशी होती, सासूबाईंच्या साडीची खोळ घातलेली. दाराच्या कप्प्यात पाण्याची बाटली आणि चष्म्याची डबी. डॅशबोर्डवर छोटा रेडिओ, अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं, त्यावर पेन. मागच्या सीटवर शालीची नीट घडी. सगळं जिथल्या तिथे, एखाद्याने खोली लावावी तसं.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमचं घर वन बीएचके. पप्पांचा पलंग हॉलमध्ये आणि संध्याकाळी पाच ते साडेसात त्याच हॉलमध्ये माझी चौदा मुलं. पावणेपाचला पप्पा "जरा खाली जाऊन येतो" म्हणून निघायचे. मी समजायचे, बदलापूर गावापर्यंत फेरी मारत असतील. "रोज एवढं चालता, म्हणून तब्येत ठणठणीत आहे," असं कौतुकही करायचे. ते नुसते "हो" म्हणायचे. एका म्हाताऱ्या माणसाला मी रोज अडीच तास घराबाहेर काढत होते आणि त्याला व्यायाम म्हणत होते. मी तिथेच मागच्या सीटवर बसून रडले. मग गाडी घेणाऱ्या माणसाला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं.

पप्पा आले तेव्हा मी रिकामी पिशवी घेऊन तशीच बसले होते.

"पप्पा, गाडी गेली असती तर तुम्ही कुठे बसला असतात?"

"पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर. त्यात काय. सावली असते तिथे."

"मी शिकवण्या बंद करते."

"वेडी आहेस का? मला वरून पाढे ऐकू येतात. एक पोरगी सतराच्या पाढ्यात रोज अडकते बघ. मी खालून सांगतो तिला. तिला ऐकू येत नाही, ते सोड."

गाडी उल्हासनगरला गेली. आठ दिवसांचे अकरा झाले. तेवढे दिवस मी मुलांना बेडरूममध्ये दाटीवाटीने बसवलं आणि हॉल पप्पांसाठी मोकळा ठेवला. पण ते पलंगाच्या कडेवर अवघडून बसायचे, मूल पाणी प्यायला आलं की उठून उभे राहायचे. गाडी परत आली त्या दिवशी साडेचारलाच त्यांनी चपला घातल्या.

शिकवणी संपल्यावर मी खाली गेले. पप्पा रेडिओ ऐकत होते. मी काचेशी वाकून विचारलं, "मी बसू का थोडा वेळ?"

त्यांनी शेजारच्या सीटवरचा पेपर उचलला, आतून दार उघडलं आणि पुढच्या कप्प्यातून शेंगदाण्यांची डबी काढून माझ्यासमोर धरली. "घे. भाजलेले आहेत," ते म्हणाले. आमच्याकडे राहायला आल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच मला काही खायला दिलं होतं.