काकूंच्या व्हिडिओतले हात

“मम्मी, इसका टॅटू दिख रहा है.”

काकूंची मुलगी सई मोबाइलच्या मागून बोलली. काकूंनी गॅस बारीक केला. माझं डावं मनगट धरलं, खिडकीच्या उजेडाकडे वळवलं, आणि सईला आतून ट्यूब आणायला सांगितली. चेहऱ्याला लावायचं क्रीम. काकूंच्या रंगाचं, माझ्या नाही. ते त्यांनी माझ्या मनगटावर फासलं आणि बोटानं थापून बसवलं, भिंतीच्या भोकात पुट्टी भरतात तसं. वरून स्वतःच्या हिरव्या बांगड्या चढवल्या.

“हां, आता ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “चल, फोडणी घाल.”

मी फोडणी घातली. मोहरी तडतडली. काकू बोलू लागल्या, “तर मैत्रिणींनो, आज मी तुम्हाला दाखवणार आहे…”

त्या दाखवत नव्हत्या. मी दाखवत होते.

मनगटावर निळं चक्र आहे. नवव्या वर्षी नागपूरला, दसऱ्याच्या गर्दीत, आईला घट्ट टेकून गोंदवून घेतलेलं. मी रडले होते. आई म्हणाली होती, रड, पण हात हलवू नको. आम्ही बौद्ध.

राजधानी हलली तेव्हा आजोबा सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले ते शिपाई म्हणून. काकूंचे सासरेही त्याच सुमाराला आले, साहेब म्हणून. त्यांना शिवाजी नगरात क्वार्टर मिळालं. पुढे मुलालाही मिळालं. मी तिथं स्वयंपाकाला लागले तेव्हा काकू खूश झाल्या होत्या. “नागपूरची का? वा! इथे मराठी हाताचं जेवण कुठे मिळतं गं. आपलीच आहेस.”

मग आडनाव विचारलं. मी सांगितलं.

त्यांनी ओट्यावरचं फडकं उचललं, परत तिथंच ठेवलं.

“असू दे,” त्या म्हणाल्या. “मी नाही मानत असलं काही. फक्त कोणी विचारलं तर सांगत बसू नकोस. काय गरज आहे? आणि एक, करताना चव घ्यायची नाही हं. हायजीन म्हणून.”

मी घरी आईला सांगितलं. आई तेव्हा होती. ती म्हणाली, “नाव कळल्यावर हाकलतात ते एक वेळ परवडले. नाव कळून जे लपवायला लावतात त्यांना भिऊन राहा.”

मला वाटलं, आई जुन्या काळातली आहे.

चव न घेता स्वयंपाक करायला मी शिकले. मीठ डोळ्यांनी मोजायचं. पिठलं शिजलं की नाही ते आवाजावरून कळतं. आधी नुसतं खदखदतं, मग जाड, सावकाश फुटायला लागतं. तेव्हा झाकण ठेवायचं. गुठळ्या नको असतील तर बेसन आधी ताकात कालवायचं, डाव्या हातानं ओतायचं, उजवा हात थांबू द्यायचा नाही. वांगं भाजायच्या आधी त्याला चिरा देऊन लसणाच्या पाकळ्या खुपसायच्या. हे सगळं काकूंनी माझ्याकडून ऐकलं, आणि दिवाळीनंतर एक दिवस म्हणाल्या, “अगं, याचे व्हिडिओ टाकू या का?”

मला आनंद झाला. खोटं का बोलू? त्या रात्री मी नवऱ्याला सांगितलं, माझे व्हिडिओ येणार.

पहिल्याच दिवशी कळलं. मोबाइल उभा केला होता तो खाली झुकवून. कढई दिसेल, हात दिसतील, बस. आवाज काकूंचा. मी एकदा चुकून म्हणाले, “आता वरून सांबार टाका.” आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. काकूंनी हात वर करून थांबवलं. “तू बोलू नकोस गं. तुझे शब्द वेगळे येतात.”

तेव्हापासून मी बोलले नाही.

व्हिडिओ चालायला लागले. खाली लोक लिहायचे. सई वाचून दाखवायची. काकू, तुमचे हात किती सुंदर. काकू, तुमच्या हाताला चव आहे. अन्नपूर्णेचे हात. काकू लाजायच्या. मी शेजारी उभी राहून भांडी पुसत असायचे. एकदा त्यांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले, जणू आमच्या दोघींची काहीतरी गंमत चालू होती.

मग त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे घरी खास काय करतात? तुला स्वतःला काय आवडतं?”

मी सांगितलं, पाटोडी रस्सा. बेसनाच्या वड्या, मटणाच्या मसाल्यातल्या. मटण नेहमी कुठून यायचं? मग आई तोच मसाला करायची. कांदा आणि सुकं खोबरं विस्तवावर काळं पडेपर्यंत भाजायची, वर दगडफूल, खसखस, आणि त्यात बेसनाच्या वड्या सोडायची. आम्ही भावंडं डोळे मिटून खायचो आणि एकमेकांना विचारायचो, तुला मटणाची बोटी आली का? तुला? आई ओट्याकडे तोंड करून उभी असायची.

हे सगळं मी काकूंना सांगितलं. बोटी आली का, तेसुद्धा. आजही मला स्वतःचा राग येतो.

त्या आठवड्याचा व्हिडिओ पाटोडी रश्श्याचा होता. माझे हात. क्रीम. बांगड्या. आणि काकूंचा आवाज, “ही आमच्या आजेसासूबाईंची पाककृती. शुद्ध शाकाहारी. त्यांच्या हाताला जी चव होती, ती मी टिकवायचा प्रयत्न करतेय.”

माझी आई तोवर जाऊन चार महिने झाले होते. माझा हात थांबला. काकूंनी कॅमेऱ्याबाहेरून कोपराला हलकेच धक्का दिला. मी पुन्हा ढवळायला लागले.

कुकरचं मी त्यांना पौषापासून सांगत होते. शिट्टी नीट होत नव्हती. भोकात डाळ अडकायची, ती मी रोज सुईनं काढायचे. पण वॉल्व जुना होता आणि झाकण धड बसत नव्हतं. “काकू, हा कुकर बदला. आवाज बरोबर नाही.” “हो गं, आणते नवीन.” पुन्हा दोन दिवसांनी. “काकू.” “अगं हो, किती घाबरतेस.” मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहत नव्हते. रोज सकाळी तो चढवला की माझं निम्मं लक्ष तिकडेच. डाळ शिजायची, आणि मी वाट बघायचे. कशाची, ते माहीत होतं.

त्या दिवशी साध्या वरणाचा व्हिडिओ होता. काकू सांगत होत्या की डाळीत हळद आणि थेंबभर तेल घातलं की उतू जात नाही. शिट्टी येईना. झाकणाच्या कडेनं फुसफुस यायला लागली. मी मागे सरले. काकूंनी खुणेनं पुढे बोलावलं. हात चौकटीबाहेर जात होते ना. मी पुढे झाले, गॅस बंद करायला डावा हात लांबवला.

झाकण वर चिमणीवर आदळलं. डाळ माझ्या हातावर आली, कोपरापासून बोटांपर्यंत.

मला आधी दुखलं नाही. आधी ऐकू आलं.

“सई, बंद कर! बंद कर ते रेकॉर्डिंग!”

हे काकूंचं पहिलं वाक्य. दुसरं, “टूथपेस्ट आण.” मी हात नळाखाली धरला आणि टूथपेस्ट नको म्हणाले. बांगड्या तापल्या होत्या. त्या मी एकेक करून काढल्या आणि सिंकमध्ये टाकल्या. दवाखान्यात रिक्षानं एकटी गेले. काकूंनी रिक्षा बोलावून दिली होती, ते मी नाकारत नाही.

पाचव्या दिवशी परत कामावर गेले. कोपरापर्यंत पट्टी. काकूंनी स्वतः चहा केला, माझ्यापुढे ठेवला, पट्टीकडे बघितलं. आवाज मायेचा होता.

“एका अर्थी बरंच झालं गं. आता मनगटावरचं ते झाकत बसायला नको.”

मी कप हातात घेतला होता. त्या बिस्किटांचा डबा शोधत होत्या. आपण काही वाईट बोललो असं त्यांच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हतं. मला भीती वाटली. कुकर चढलेला असताना वाटायची तशी.

मी आत जाऊन एका हातानं कणीक मळली. लाज वाटते सांगायला, पण हे असंच झालं.

मग बरखेड्याच्या, म्हणजे कारखान्याच्या कॉलनीतल्या, महिला मंडळाचं स्नेहभोजन आलं. दुपारी, हॉलमध्ये. मराठी बायका, बहुतेक कारखान्यातल्या साहेबांच्या घरच्या. काकूंना पाटोडी रस्सा करून दाखवायला बोलावलं होतं. “तू मागच्या खोलीत रस्सा तयार ठेव,” काकू म्हणाल्या. “मी पुढे फक्त बोलेन. पट्टी आहे तुझ्या हाताला, लोकांना कसंतरी वाटेल. तू मागच्या दारानं ये.”

हाताची कातडी अजून ओढली जात होती. तरी मी कांदा भाजला, खोबरं भाजलं, वड्या थापल्या. ताटं भरून बाहेर गेली. दाराच्या फटीतून मला बायका दिसत होत्या. खात होत्या. वा वा म्हणत होत्या. एक बाई वाटी तोंडाला लावून पीत होती.

जरीकाठाची साडी नेसलेल्या एका बाईंनी विचारलं, “माझी तर्री अशी वर राहतच नाही हो. तुम्ही काय करता?”

काकू हसल्या. “तेच तर गुपित आहे आजेसासूबाईंचं. एकदम थंडगार पाणी घालायचं.”

मी दार ढकललं. ठरवून नाही. पातेलं हातात होतं.

“गार पाणी नाही,” मी म्हणाले. “उकळतं घालायचं. गार ओतलं की तर्री बसते.”

सगळ्या माना वळल्या.

“ही आमच्याकडे मदतीला असते,” काकू घाईनं म्हणाल्या.

“मदतीला नाही. रस्सा मी केलाय. व्हिडिओतले हात माझे आहेत. आणि हे माझ्या आईचं आहे, तुमच्या आजेसासूबाईंचं नाही.”

जरीकाठाच्या बाईंनी हसून विचारलं, “अगंबाई! आई कुठल्या तुमच्या?”

“नागपूरच्या.”

“आडनाव?”

मी सांगितलं. त्यांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं.

“म्हणजे तुम्ही…”

“बौद्ध.”

पहिलं ताट खाली ठेवल्याचा आवाज माझ्या उजवीकडून आला. मग मागून एक. मग पुष्कळ. कोणी काही वाईट बोललं नाही. एक म्हणाली, पोट भरलं. एक म्हणाली, जरा तिखटच आहे नाही? वाटी तोंडाला लावलेल्या बाईनं पदरानं ओठ पुसले, पुन्हा पुसले, पुसतच राहिली. एका म्हातारीनं आपलं ताट संपवलं. पण मान वर केली नाही.

मी पातेलं टेबलावर ठेवलं आणि पुढच्या दारानं बाहेर आले.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. “तुला काय गरज होती? मी तुला घरच्यासारखं ठेवलं. कधी भेद केला? उद्यापासून येऊ नकोस.”

“मी येणारच नव्हते,” मी म्हणाले. “आणि घरच्यांना कोणी चव घेऊ नको म्हणत नाही.”

त्यांनी फोन ठेवला. शिवाजी नगरातली माझी कामाची आणखी दोन घरं त्याच आठवड्यात सुटली. एकीकडे अचानक सगळे डाएटवर गेले. दुसरीकडे गावाहून सासूबाई येणार होत्या. नवरा गोविंदपुऱ्यात एका शेडमध्ये फिटर आहे, ठेक्यावर. तो जेवता जेवता म्हणाला, “चूप बसायचं होतंस.” मग ताटाकडे बघत बसला. त्याच्याही ठेकेदाराचं घर बरखेड्यात आहे. पुढे काय होईल ते आम्हाला दोघांनाही दिसत होतं.

व्हिडिओ अजून आहे. माझे हात अजून वड्या थापताहेत. खाली अजून लोक लिहिताहेत, काकू, तुमचे हात.

परवा दुपारी दार वाजलं. बरखेड्याच्या एक बाई. हॉलमध्ये मी त्यांना बघितलं होतं, दुसऱ्या रांगेत. कोणाकोणाला विचारत पत्ता काढला होता.

“मला फार वाईट वाटलं हो त्या दिवशी,” त्या म्हणाल्या. “मी असलं काही मानत नाही. आमच्याकडे याल का स्वयंपाकाला?”

मी दारातच उभी होते. त्या उंबऱ्याबाहेर.

“त्या दिवशी तुम्ही ताट खाली ठेवलं होतं?”

त्यांनी ओढणी सावरली. “सगळ्याच ठेवत होत्या ना…”

“सगळ्यांचं नाही विचारलं. तुम्ही?”

“मला त्या कॉलनीत राहायचंय हो. तुम्ही समजू शकता.”

“मलाही याच शहरात राहायचंय. का ठेवलं?”

मी थांबले. त्यांना या म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. शेवटी त्या पायऱ्या उतरून गेल्या. काम मला हवं होतं. तरी मी हाक मारली नाही.

मंडळाची पुढची सभा महिनाअखेरीला आहे. मला कोणी बोलावलेलं नाही. मी जाणार आहे. सभा सगळ्या मराठी बायकांसाठी असते असं त्यांच्याच फलकावर लिहिलंय. पहिल्या रांगेत बसणार. जिनं जिनं ताट खाली ठेवलं ती मला चेहऱ्यानं माहीत आहे. प्रत्येकीला तिच्या तोंडावर विचारणार, का ठेवलं. पोट भरलं होतं हे उत्तर मी घेणार नाही. तिखट होतं हेही नाही. खरं काय ते त्यांना स्वतःच्या तोंडानं, सगळ्यांसमोर बोलावं लागेल. ते बोलेपर्यंत मी खुर्चीवरून उठणार नाही.