पडद्यावरचं वळण

उन्हात तापलेल्या रेक्झिनचा वास आला की माझा उजवा पाय आपोआप ताठ होतो. काल जळगावात पुतण्याच्या गाडीत बसताना तेच झालं, आणि तीसेक वर्षांपूर्वीची एक दुपार अंगावर आली.

धुळ्यात, स्टँडमागच्या व्हिडिओ पार्लरमध्ये तेव्हा गाडी चालवायच्या खेळाचं एक यंत्र आलं होतं. ते पाहायला शिंदखेड्याहून माणसं भाकरी बांधून येत, असं मी सांगतो. दोन तरी नक्की आली होती. रंगीत ठिपक्यांच्या मोटारींचा तो नेहमीचा खेळ नव्हे. इथं पडद्यावर खरीखुरी फिल्म चाले: परमुलखातला घाट, खरी धूळ आणि डाव्या हाताला काळीभोर दरी. वळण आलं की कोपऱ्यात बाण चमके. तेवढ्यात स्टिअरिंग फिरवायचं, पाय मात्र रेसवरच ठेवायचा. चुकलं की गाडी दरीत. दर वेळी तीच गाडी, तोच जाळ, जाळातून उडणारा तोच एक पक्षी. अपघात केव्हाच होऊन गेलेला असे. आपण फक्त त्याच्यापर्यंत पोचायचो.

अमळनेर-धुळे काळीपिवळी जीप हाकणाऱ्या नानांना मीच तिथं ओढून नेलं. मी कॉलेजात जाणारा, पुढच्या सीटचा कायमचा मानकरी. नानांच्या जीपमध्ये अठरा माणसं आणि एखादी शेळी बसे, पण चाकाखाली कधी कोंबडीही आली नव्हती. यंत्रावर मात्र ते तिसऱ्याच वळणावर मेले. रोज मेले. कारण वळण दिसताच त्यांचा पाय ब्रेकवर जाई. शाळकरी पोरं खिदळत, "नाना, तुम्ही बैलगाडीच हाका!" नानांचा चेहरा दिवसेंदिवस काळवंडत गेला.

"नाना, ब्रेक विसरा," मी म्हणालो. "फक्त बाण पाहा."

"बिनाब्रेकनं वळण? हाई कसं शे रे भो?"

पण शिकले. एके दुपारी अख्खा घाट पार केला, आणि घामेजल्या अंगानं तसेच जीपमध्ये येऊन बसले.

अमळनेरच्या अलीकडे नाल्याजवळ वळण लागतं. समोरून केळीच्या घडांनी लादलेला ट्रॅक्टर आला. मी नानांच्या पायाकडे पाहिलं. तो रेसवर होता, निवांत. नजर रस्त्यावर नव्हती. काचेच्या वरच्या कोपऱ्यात ती काहीतरी शोधत होती.

"नाना!" मी किंचाळलो.

स्टिअरिंग फिरलं. ट्रॅक्टरवरची केळीची पानं आमच्या टपाच्या दांडीला घासून गेली. मागं एक बाई देवाचं नाव घेत रडू लागली. नानांनी जीप कडेला घेतली. "बठ्ठा उतरा," म्हणाले. सगळे खाली उतरले. मग मला एकट्याला, हळूच, "मना पाय आते मना नही राहिना." त्यांचा पाय आता त्यांचा राहिला नव्हता. किल्ली माझ्या हातावर ठेवून अमळनेरच्या दिशेनं चालू लागले. पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही.

हा किस्सा मी शंभर ठिकाणी सांगितलाय. दर वर्षी ट्रॅक्टर मोठा होत गेला, हल्ली तर जीप नाल्यावरून उडून जाते आणि लोक पोट धरून हसतात. काळानं त्यात भरच घातली. गाळलं ते मीच, एकच वाक्य: ब्रेक विसरा. गाडी का सोडली, असं कुणी विचारलं की नाना शेवटपर्यंत म्हणत, "डोळा कमी दिखस भो." त्यांची नजर मरेपर्यंत घारीसारखी होती.