दादांनी पाडलेला भांग

आमचे वडील, म्हणजे दादा, पनवेलला बैलगाडीची चाकं बनवायचे. आणि रोज सकाळी माझ्या वेण्या घालायचे. हसू नका! सकाळी आईला पाणी भरणं, डबे, भाकऱ्या. त्यामुळे फणी दादांच्या हातात. भांग असा पाडायचे की शाळेतल्या बाई विचारायच्या, "पट्टी लावून पाडतेस का गं?"

मी शेंडेफळ. सहावीत होते तेव्हा दादांच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले. त्या काळी नंतर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लागायचा. दिसायला लागलं खरं, पण नवीनच पीडा मागे लागली. त्या चष्म्यातून सरळ वस्तू वाकलेली दिसायची. घरी बसून बसून दादांनी स्वयंपाकघरातली फळी वाकडी ठरवली आणि रंधा मारून 'सरळ' केली. दुसऱ्या दिवशी आईचे डबे एकामागून एक घसरून खाली!

"अहो, चांगल्या फळीचं वाटोळं केलंत की!" आईने कपाळावर हात मारला. आम्ही हसलो. दादा हसले नाहीत. त्यांनी हत्यारं गोणपाटात बांधून ठेवली. माझी फणीसुद्धा हातात घेईनात.

"चाकं बनवणाऱ्याला सरळ-वाकडं कळेना, तर माझं राहिलं काय?" जेवता जेवता म्हणाले.

अशात शिरढोणचं एक जुनं गिऱ्हाईक दारात आलं. एक चाक हवं होतं. दादांनी नाही म्हणायच्या आत आईच बोलली, "होईल. सांगून पाठवू." दादा तिच्यावर असे काही भडकले म्हणता! पण शब्द गेला होता. हत्यारं सोडली, आणि बोटांनी चाचपत चाचपत काम सुरू केलं.

शेवटी धाव चढवायचा दिवस आला. धाव म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी. शेणींच्या जाळात लालभडक तापवली की ती फुगते. तशीच चाकावर ठोकून बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं, म्हणजे गार होताना ती लाकूड घट्ट आवळून धरते. पाणी ओतायचा मान आईचा. तिने हंडा ओतला, वाफ उठली, लाकूड कटकट वाजलं.

गार झाल्यावर चाक आसावर चढवून दादांनी फिरवलं. बघता बघता त्यांचा चेहरा उतरला.

"डुगडुगतंय. गेलं."

मला रडूच फुटलं. आई मात्र कडाडली, "आधी ते भिंग काढा डोळ्यांवरचं!"

दादांनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि फिरत्या धावेच्या कडेला एक बोट अलगद धरलं. चाक डुगडुगत असतं तर बोटाला कधी धक्का बसला असता, कधी कड लांब गेली असती. पण कड बोटाला एकसारखी घासत राहिली. दादा मोठ्याने हसले. किती दिवसांनी!

"अगं, सरळ फिरतंय!"

"मग इतके दिवस माझा जीव का खाल्लात?" म्हणत आई पदराने डोळे पुसायला लागली. मला तर हायसं वाटून पुन्हा रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाक आली, "फणी आण गं." चष्मा बाजूला ठेवून, बोटाने चाचपत त्यांनी माझा भांग पाडला. आरशात पाहते तर चांगलाच नागमोडी! लाकूड वेगळं, केस वेगळे. आई विस्कटून पुन्हा पाडायला आली, तशी मी दप्तर घेऊन पळाले. शाळेत बाईंनी विचारलं, "आज पट्टी कुठे गेली?"

मी मान ताठ करून सांगितलं, "दादांनी पाडलाय."