यंदा पानं चालून राह्यली

मालेगावच्या कापड दुकानातल्या चाचांनी ताका गादीवर असा फेकला, की तो उलगडत उलगडत थेट माझ्या गुडघ्यापर्यंत आला. पांढऱ्या कापडावर सुपाएवढी हिरवीगार पानं.

"बेटी, फुलं मागच्या सालची. यंदा पानं चालून राह्यली," चाचा म्हणाले. "अख्ख्या तालुक्यात एकच ताका आला. दुसऱ्या कोनाच्या घरी दिसला, तं मले सांगजा."

दिवाळी पंधरा दिवसांवर होती. लग्न होऊन शेलूबाजारला आले त्याला दोन वर्षं झाली होती आणि दोन्ही वर्षं मी समोरच्या खोलीतले मरून मखमलीचे पडदे झटकत आले होते. मोबाइलवर मात्र रोज नव्या खोल्या बघायची. हिरव्या, हवेशीर, पानापानांच्या. नणंद माझ्या बाजूची. अडचण होती ती सासूबाईंची, आणि त्या शेजारीच बसल्या होत्या.

"पानं पाहाची असन तं वावरात चाल," त्या म्हणाल्या. "तिथं कमी पडले का तुले?"

नणंदेनं कापडाचं टोक खांद्यावर घेतलं आणि आरशात पाहिलं. "आई, पाह्य तरी. कसं थंडगार वाटते वं."

सासूबाईंनी कापड बोटांत चुरगळून पाहिलं, वास घेतला, आणि हो म्हणाल्या.

घरी आल्यावर सासूबाईच शिलाई मशीनवर बसल्या. दोन पडदे झाले. थोडं उरलं, त्याच्या उशा झाल्या. "वाया कायले घालाचं?" म्हणत टीव्हीला कव्हर शिवलं, फ्रिजला शिवलं. मग कापड संपलं आणि दिवाण उघडा राहिला, तर त्या स्वतः एसटीनं मालेगावला जाऊन आणखी घेऊन आल्या. शेवटी मिक्सरलाही टोपडं झालं. संध्याकाळी वावरातून आलेले माझे मिस्टर उंबऱ्यातच थबकले.

"मी बराबर घरात आलो न?"

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी जऊळक्याहून नणंदेला पाहायला पाहुणे येणार होते. तिचा हा तिसरा कार्यक्रम. आधीच्या दोन्ही वेळी तिला मान खाली घालून बसावं लागलं होतं आणि तिला त्याचा भयंकर कंटाळा आला होता. "मी एक शब्द बोलनार नाई," सकाळपासून हेच चाललेलं.

मुलगा आणि त्याची आई आली. मी स्वयंपाकघराच्या दारातून डोकावले आणि पदर तोंडात कोंबला. मुलाचा शर्ट त्याच कापडाचा होता! तीच सुपाएवढी पानं. आणि माझ्या मिस्टरांनी त्याला नेमकं दिवाणावर, पडद्यासमोर बसवलं. पानांतून पेरू डोकावावा तसा त्याचा चेहरा तेवढा दिसत होता, आणि खाली मांडीवर दोन हात.

मिस्टर पंख्याकडे बघू लागले. मुलानं आपल्या बाहीकडे पाहिलं, उशीकडे पाहिलं आणि उशी हळूच पाठीमागे सरकवली.

नणंद पोह्यांचा ट्रे घेऊन गेली. बशी द्यायला तिनं मान वर केली मात्र, ट्रे थडथड वाजायला लागला. तिनं तो कसाबसा टेबलावर ठेवला आणि खाली बसून जी हसत सुटली, ती थांबेचना.

"काहून हसून राह्यली?" सासूबाई दातओठ खात म्हणाल्या.

"त्यायचं काही चुकलं नाई, काकू," मुलगा गंभीरपणे म्हणाला. "मी जरा सरकून बसू का? मी त्यायले दिसून नाई राह्यलो."

मग कोण कुणाला आवरणार! मी दारातून बाहेरच आले. मुलाची आई डोळे पुसत म्हणाली, "मी सांगत होती याले, हा शर्ट नको घालू. पडद्यातलं उरलं होतं, तं यानं शिवून आनला."

"पडद्यातलं?" सासूबाई ताठ झाल्या. "मालेगावहून?"

"हो. तालुक्यात एकच ताका आला म्हने."

सासूबाई जरा पुढे सरकल्या.

"फ्रिजले केलं का तुमी?" सासूबाईंनी विचारलं.

"केलं न. तुमी?"

"मी तं मिक्सरले बी केलं."

"मिक्सरले! बाप्पा! दाखवा बरं."

दोघी उठून आत गेल्या. मुलीला काय येतं, शिक्षण किती, हे विचारायला कुणी उरलंच नाही. नणंदेनंच विचारलं, "पॅन्ट बी शिवली का या कापडाची?"

"हाफ पॅन्ट," तो म्हणाला. "घरी घालतो."

पाहुणे गेल्यावर आम्ही तिघी स्वयंपाकघरात बसून पुन्हा हसलो. सासूबाईंना उचकी लागली. मधेच नणंदेनं पोह्यांची बशी ओढून घेतली.

"वहिनी, तो रोज असाच असन का?"

"रोज असं तं कोनीच नसते."

"अर्धा असला तरी चालते," ती म्हणाली आणि गार झालेले पोहे खायला लागली.

पाहुण्यांचा निरोप दुसऱ्या दिवशी यायचा होता. तिनं दिवेलागणीलाच आईला सांगितलं, वाट कायले पाहाची, आपनच फोन करू. मुलीकडून आधी फोन करायचा नसतो, असं सासूबाई दोनदा म्हणाल्या आणि फोन लावला. अर्धा तास बोलत होत्या. मधे एकदा लग्नाचंही बोलून घेतलं.