मुरमावरची हिरवी साय

आमच्या शेजारच्या खोलीत शेतीखात्यातले एक गृहस्थ राहत. आमच्या मोरीमागचं शेवाळ ते खरवडून नेत, वाळवून चुरत आणि शेणकाल्यात कालवून चाळीमागच्या उजाड मुरमावर शिंपडत. "ह्यात जीव हाय. माती धरून ठेवतंय, मग गवत येतंय," म्हणत. दुष्काळात तर पाणी वाया जायला नको म्हणून तिथंच कडेला बसून तांब्याभर पाण्यात आंघोळ करत. आम्हाला हसावं की काय, कळत नसे.

शेवटी मुरमावर पातळ हिरवी साय धरली. ते कुणाला तिथं पाय ठेवू देईनात. अशात माझ्या बहिणीचं लग्न ठरलं आणि मांडवाला तेवढीच जागा होती. वडिलांनी चाचरत विचारलं.

"घाला की," ते म्हणाले, आणि पहार घेऊन पहिला खड्डा त्यांनीच खणला, अगदी मधोमध. चेहऱ्यावरून काहीच उमगेना.

मांडव निघाल्यावर ते तुटलेल्या, काळ्या पडलेल्या खपल्या गोळा करत होते. मी विचारलं, "साहेब, वाईट वाटलं का?"

त्यांनी एक खपली माझ्या तळहातावर ठेवून वर पाणी शिंपडलं. बघता बघता ती हिरवी झाली.

"बहीण रमली का सासरी?" त्यांनी विचारलं.